रिलेच्या पलीकडून होणारे डीएचसीपी पट्ट्यांचे नूतनीकरण

संगणकांच्या जाळ्यात प्रत्येक संगणकास स्वतःचा असा अंकात्मक पत्ता असावा लागतो. हे पत्ते प्रत्येक यंत्रावर हाताने नोंदविण्याऐवजी एका सर्व्हरने मागणीनुसार व ठरावीक मुदतीपुरते द्यावेत, या व्यवस्थेस डीएचसीपी म्हणतात. मुदतीने दिलेल्या या पत्त्यास पट्टा हेच नाव शोभते. कारण जमिनीच्या पट्ट्याप्रमाणेच येथेही मालकी सर्व्हरकडे राहते व वापरणाऱ्यास केवळ मुदतीपुरता हक्क मिळतो. पट्टा मिळविण्याचा मार्ग आणि तो वाढवून घेण्याचा मार्ग हे एकच नसतात, ही गोष्ट पुष्कळदा दुर्लक्षिली जाते. तिचे परिणाम कोणते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

पूर्वपीठिका

डीएचसीपीची पूर्वज बूटपी ही योजना बिल क्रॉफ्ट व जॉन गिलमोर यांनी सप्टेंबर १९८५ मध्ये मांडली. संगणकाची विनंती एका जाळ्यातून दुसऱ्या जाळ्यात पोहोचविणाऱ्या मध्यस्थाची कल्पना तीतच आढळते. मुदतीची कल्पना मात्र तीत नव्हती. ती १९९३ साली डीएचसीपीबरोबर आली. राल्फ ड्रोम्स यांनी सिद्ध केलेली मार्च १९९७ ची आरएफसी २१३१ ही या नियमांची आधारभूत संहिता होय. सारांश, रिले जुना आणि पट्टा नवा. या दोहोंचा सांधा जेथे जुळतो, तेथेच प्रस्तुत प्रश्न उद्भवतो.

पट्टा कसा मिळतो

पनवेल येथे २०२० साली योट्टा कंपनीचे एनएम१ हे विशाल माहिती-केंद्र सुरू झाले. अशा केंद्रांमुळे आपले सर्व्हर स्वतःच्या इमारतीत न ठेवता दूर ठेवण्याची सोय संस्थांना मिळते. उदाहरणादाखल अशी कल्पना करू या की, एका रुग्णालयाचा डीएचसीपी सर्व्हर पनवेलच्या एखाद्या केंद्रात असून त्याचा पत्ता १०.१.१.५ आहे, आणि रुग्णालयाची शाखा अलिबागेस १०.२०.३०.० या जाळ्यात आहे.

सकाळी शाखेतील संगणक सुरू होतो, तेव्हा त्यास स्वतःचा पत्ता नसतो आणि सर्व्हर कोठे आहे हेही ठाऊक नसते. म्हणून तो २५५.२५५.२५५.२५५ या सर्वांस उद्देशून असलेल्या पत्त्यावर हाक घालतो. ही हाक राऊटर ओलांडून जात नाही. अलिबागच्या राऊटरमधील रिले ती ऐकतो, संदेशातील ‘जीआयअ‍ॅडर’ या रकान्यात स्वतःचा १०.२०.३०.१ हा पत्ता भरतो व संदेश पनवेलला धाडतो. त्या रकान्यावरून सर्व्हरला दोन गोष्टी कळतात : पत्ता कोणत्या जाळ्यातील द्यावयाचा आणि उत्तर कोणाकडे पाठवावयाचे. उत्तर रिलेकडे येते व तो ते संगणकास पोहोचवितो.

पट्टा कसा वाढतो

मुदतीचा निम्मा काळ लोटला की संगणक नूतनीकरणाची विनंती करतो. आता त्याच्यापाशी पत्ता आहे, आणि सर्व्हरने आपल्या उत्तरात दिलेली स्वतःची ओळखही आहे. म्हणून तो हाक न घालता थेट १०.१.१.५ ला संदेश पाठवितो. या संदेशात रिलेचा संबंध नसल्यामुळे जीआयअ‍ॅडरचा रकाना शून्य राहतो, आणि सर्व्हर संगणकाने सांगितलेल्या पत्त्यावर विश्वास ठेवून त्यालाच थेट उत्तर देतो. राऊटर हा संदेश इतर संदेशांप्रमाणेच पुढे ढकलतो. त्यात काहीही भरत नाही.

थेट उत्तर न आल्यास मुदतीचा सात-अष्टमांश भाग संपल्यावर संगणक पुन्हा सर्वांस उद्देशून हाक घालतो. ती रिले ऐकतो व पूर्वीप्रमाणेच पुढे पाठवितो. हाही उपाय फसला, तर मुदत संपताच संगणकाने तो पत्ता सोडलाच पाहिजे.

झाकला जाणारा दोष

पनवेलच्या सर्व्हरपुढील फायरवॉल ठरविताना व्यवस्थापक पुष्कळदा असा विचार करतो की, शाखेतील विनंत्या रिलेमार्फतच येतात. यास्तव केवळ रिलेच्या पत्त्यास वाट द्यावी. हे एखाद्या मालकाने आपल्या पहारेकऱ्यास फक्त दलालाची ओळख करून देण्यासारखे होय. घर दलालाने मिळवून दिले. पण मुदत वाढविण्यास भाडेकरू स्वतः आला, तर त्यास दारातूनच परतावे लागते.

समजा, मुदत आठ तासांची आहे व पट्टा सकाळी नऊ वाजता मिळाला. थेट विनंतीची वेळ दुपारी एक, फेरहाकेची चार आणि समाप्तीची पाच. फायरवॉल सदोष असेल तर एक वाजताची विनंती वाया जाते. उरलेल्या काळाचा निम्मा भाग थांबून पुन्हा प्रयत्न करावयाचा, या नियमाप्रमाणे अडीच व सव्वातीन वाजताचे प्रयत्नही वाया जातात. चार वाजता रिलेमार्फत पट्टा वाढतो आणि कोणास काहीच जाणवत नाही. तथापि, सर्व्हरच्या दुरुस्तीसाठी हाताशी असणारा चार तासांचा अवकाश आता केवळ एका तासावर आलेला असतो.

आता सर्व्हर दुपारी साडेतीन ते साडेपाच बंद राहिला असे धरू. निर्दोष व्यवस्थेत एक वाजता वाढलेला पट्टा रात्री नऊपर्यंत चालतो व शाखेस बंदची वार्ताही लागत नाही. सदोष व्यवस्थेत पाच वाजता पत्ते जातात आणि संध्याकाळच्या रुग्णांची रांग नोंदणीच्या खिडकीपाशी खोळंबते. दोष त्या सर्व्हर-बंदचा मानला जातो. खरा दोष महिनोन्‌महिने दडून बसलेला असतो.

दुसरी एक अडचण

जानेवारी २००१ च्या आरएफसी ३०४६ नुसार रिले आपल्या संदेशात पर्याय ८२ या नावाने संगणक कोणत्या जोडणीवर आहे याची माहिती जोडू शकतो, आणि सर्व्हर तीवरून कोणास कोणता पत्ता द्यावा हे ठरवू शकतो. थेट विनंतीत ही माहिती नसते. म्हणून केवळ तिच्यावर विसंबणारा सर्व्हर नूतनीकरणाच्या वेळी त्याच संगणकास परका समजण्याचा संभव आहे. यास्तव काही सर्व्हर प्रथम आलेली माहिती पट्ट्यासोबत जतन करून ठेवतात.

उपाय व पडताळणी

पहिला उपाय सरळ आहे. रिलेबरोबरच शाखेच्या संपूर्ण जाळ्यास सर्व्हरच्या यूडीपी ६७ या द्वाराकडे वाट द्यावी आणि सर्व्हरकडून संगणकांच्या ६८ क्रमांकाच्या द्वाराकडे येणाऱ्या उत्तरांस परतीची वाट ठेवावी. सर्व्हर आपली जी ओळख कळवितो, तो पत्ता शाखेतून खरोखर गाठता येतो की नाही, हेही पाहावे.

थेट वाट देणे इष्ट नसेल तेथे फेब्रुवारी २००८ च्या आरएफसी ५१०७ मधील तरतूद उपयोगी पडते. तीनुसार सर्व्हरची ओळख म्हणून रिले स्वतःचाच पत्ता पुढे करतो. त्यामुळे नूतनीकरणाची विनंतीही त्याच्याकडेच येते व पर्याय ८२ ची माहितीही टिकते. मात्र रिले व सर्व्हर या दोहोंस ही तरतूद अवगत असली पाहिजे.

संगणक सुरू करून पत्ता मिळाला एवढ्याने परीक्षा पुरी होत नाही. चाचणीपुरती मुदत लहान ठेवावी व सर्व्हरच्या नोंदवहीत पाहावे : निम्म्या मुदतीस आलेली विनंती थेट संगणकाकडून आली काय, आणि तिला होकार मिळाला काय? रिलेवर नवी तरतूद केली असेल, तर हीच विनंती रिलेमार्फत पण त्याच वेळी आली पाहिजे. नोंद नेहमीच सात-अष्टमांश मुदतीस पडत असेल, तर व्यवस्था चालत आहे. पण ती आपल्या अखेरच्या आधारावर चालत आहे, असेच समजावे.