लेकीची डिग्री आणि हाताला आलेलं काम



मागच्या महिन्यात तेरमधल्या एका गटाच्या बैठकीत एका ताईंनी अंतर्गत कर्ज मागितलं. कारण विचारलं तर म्हणाल्या, "लेकीला एम.लिब.ला घालायचंय." बैठक गप्प. मग एक मावशी बोलल्या, "म्हंजी पुस्तकं कपाटात लावायचं शिक्षण? त्याला कर्ज कशापायी?" सगळ्या हसल्या. ताई हसल्या नाहीत. कर्ज मंजूर झालं, पण खरा प्रश्न त्यांनी मला बैठक सुटल्यावर विचारला. "मॅडम, नुसता कागद हातात आला आन् काम आलंच नाही तर?"

प्रश्न रास्त आहे. म्हणून हा लेख.

आधी हे शिक्षण काय ते बघू. कुठल्याही शाखेची पदवी झाली की बी.लिब. करता येतं, त्याच्या पुढचं पदव्युत्तर शिक्षण म्हणजे एम.लिब. पूर्ण नाव ग्रंथालय आणि माहितीशास्त्र. छत्रपती संभाजीनगरला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात हा विभाग आहे, मुंबईला एसएनडीटी महिला विद्यापीठात आहे, आणि घरी राहून शिकायचं असेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. कॉलेजात ग्रंथपाल व्हायचं तर एम.लिब. लागतंच, शिवाय सहसा नेट किंवा सेट परीक्षाही लागते.

आता मावशींच्या प्रश्नाकडे येते. आपल्या गटाचं दप्तर आठवा. हजेरी वेगळी, बचत वेगळी, कर्जवाटप वेगळं, ठराव वेगळे. बँकेचे साहेब तीन वर्षांपूर्वीचा ठराव मागतात तेव्हा ज्या गटाचं दप्तर लावलेलं असतं, त्याचं काम दहा मिनिटांत होतं. बाकीच्यांचे दोन दिवस आणि दोन भांडणं जातात. माहिती अशी ठेवायची की मागेल त्याला लगेच सापडली पाहिजे, एवढंच हे शास्त्र आहे. फक्त ते हजारो पुस्तकांना, फाइलींना आणि कॉम्प्युटरवरच्या नोंदींना लावायचं असतं.

पुस्तक आलं की दाखल नोंदवहीत त्याला क्रमांक मिळतो. मग विषयाचा आकडा. ही आकड्यांची पद्धत अमेरिकेतल्या ड्युई नावाच्या ग्रंथपालानं १८७६ साली छापली, ती आजही चालते. शेती ६३०, स्वयंपाक ६४१.५, मराठी साहित्य ८९१.४६. वर्गात हे पाठ होतं. पण समजा पुस्तकाचं नाव आहे 'शेळीपालनाचा हिशेब'. ते शेळ्यांच्या ६३६.३९ मध्ये ठेवायचं की हिशेबाच्या ६५७ मध्ये? पुस्तकात भर कशावर आहे ते बघा, असा नियम आहे. तरी आपली एखादी ताई ते मागायला आली की ती आधी कुठल्या कपाटाकडे वळते, हे टेबलाच्या पलीकडे बसल्याशिवाय कळत नाही. गोरोबा काकांच्या गावात हे वेगळं सांगायला नको. चिखल किती तुडवायचा हे पायालाच कळतं.

मग हे काम शिकायचं कुठं?

पहिली जागा कॉलेजच देतं. नव्या शैक्षणिक धोरणानंतर आपल्या राज्यात पदव्युत्तरच्या पहिल्या वर्षात प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण आलं आहे, चार श्रेयांकांचं, म्हणजे साधारण १२० तास. घाईघाईत सही घेऊन ते उरकणाऱ्या मुली मी बघितल्यात. तसं करू देऊ नका.

दुसरी जागा सार्वजनिक वाचनालय. महाराष्ट्रात १९६७ सालापासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे, त्याखाली अनुदानित वाचनालयं अ, ब, क, ड अशा वर्गांत येतात. छोट्या वाचनालयांत अजून वह्यांवरच काम चालतं. तिथं एखादी मुलगी 'कोहा' बसवून द्यायला तयार असेल तर तिला कोण नाही म्हणणार? हे सॉफ्टवेअर न्यूझीलंडमध्ये तयार झालं आणि ते फुकट मिळतं.

तिसरी जागा तर आपल्या पायाशी आहे. तेरचं रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालय. आपलं गाव म्हणजे जुनं तगर, दोन हजार वर्षांपूर्वी इथला माल भडोचच्या बंदराला जायचा. त्या काळच्या मूर्ती, मणी, खापरं तिथं ठेवली आहेत. वस्तू कुठली, कशाची, कुठं सापडली, ही नोंद हरवली तर मूर्तीचा नुसता दगड होतो. नोंद ठेवणं हेच माहितीशास्त्र. सरकारी संग्रहालय आहे, तेव्हा कॉलेजचं पत्र घेऊन रीतसर परवानगी मागावी लागेल.

माझं स्वतःचं सांगते. एमएसडब्ल्यू करताना आम्हाला आठवड्यातले दोन दिवस क्षेत्रकार्य असायचं. पहिल्या संस्थेत मला महिनाभर झेरॉक्स काढायला लावलं. मी गप्प राहिले, आणि वर्षाअखेरीस सांगण्यासारखं काहीच हातात नव्हतं. पुढच्या ठिकाणी पहिल्याच दिवशी विचारलं, "मला काय शिकवणार, कुणाच्या हाताखाली?" रोजची डायरी लिहिली. म्हणून लेकीला सांगा, आज किती पुस्तकांची नोंद केली, काय अडलं, कसं सोडवलं, हे त्याच दिवशी लिहायचं. आणि प्रमाणपत्रावर 'उपस्थित होती' एवढंच नको, काय काम केलं ते लिहून घ्यायचं. मुलाखतीत हेच विचारतात.

पैशाचं आधीच बोलून घ्या. शिकत असतानाच्या अशा कामाला बहुतेक ठिकाणी काही मिळत नाही, उलट जाण्यायेण्याचा खर्च येतो. २०२३ पासून एसटीत बायकांना निम्मं तिकीट आहे, तरी रोजचं मिळून ते वाढतं. कर्ज मागताना फीसोबत हाही आकडा धरा, नाहीतर मधेच काम सुटतं. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ मध्ये सुरू झाली, तेव्हा पदवीधरांना सहा महिने दरमहा १०,००० रुपये विद्यावेतन ठरलं. पण ती शिक्षण चालू असणाऱ्यांना नाही, डिग्री झाल्यावरची आहे. तेव्हा आत्ताच तिच्या भरवशावर हिशेब मांडू नका. नियम बदलत असतात, त्या वेळी चौकशी करा.

आणि चौथी जागा मी मुद्दाम शेवटी ठेवली. आपल्या प्रभागसंघाच्या कार्यालयात जुन्या गटांची रजिस्टरं तीन पोत्यांत भरून पडली आहेत. त्या ताईंच्या लेकीला मी विचारलं, ती तयार आहे. कॉलेजनं मान्य केलं तर तिचे १२० तास इथंच होतील. यादी करायची, वर्षाप्रमाणे लावायची, ठराव स्कॅन करायचे. हाताखाली कुणाच्या, हे तिनं मला लगेच विचारलं. कॉलेजातले सर मार्गदर्शक राहतील आणि रोजच्या डायरीवर सही मी करीन. ज्या गटांची जुनी वही घरी कुणाच्या पेटीत असेल त्यांनी पुढच्या बैठकीला घेऊन यावी. मावशींच्या गटाची २०१९ ची ठराववही अजून सापडलेली नाही, तिच्यापासूनच सुरुवात करायची आहे.