गाणं आधी, कॅमेरा नंतर: मराठी शाळेतला शूटचा दिवस

भोंडल्याचे दिवस जवळ आले की अमेरिकेतल्या अनेक मराठी शाळांमध्ये एकच कल्पना निघते. ‘या वर्षी मुलांच्या गाण्याचा व्हिडिओ करू या!’ कुणाकडे चांगला फोन असतो, कुणाला एडिटिंग येत असतं, रविवारी शाळेची जागा हातात असतेच. यात अवघड ते काय, असं सगळ्यांना वाटतं. दोन वर्षांपूर्वी आम्हालाही असंच वाटलं होतं.

त्या रविवारी 22 मुलं होती, 3 मिनिटांचं गाणं होतं आणि शाळेची जिम 6 तास भाड्याने घेतली होती. मुलं नटून आली, फेर धरला, गाणं म्हटलं. आम्ही वेगवेगळ्या बाजूंनी ते पुन्हा पुन्हा टिपलं. संध्याकाळी एडिटिंगला बसलो आणि कळलं की एकही तुकडा दुसऱ्याला जुळत नाही. पहिल्यांदा मुलांनी गाणं 3 मिनिटं 5 सेकंदांत म्हटलं होतं, जेवणानंतर ते 2 मिनिटं 50 सेकंदांत संपलं होतं. पट्टीही दर वेळी वेगळी. शिवाय त्या दिवशी एक मुलगी सबंध वेळ बाहेर खुर्चीवर बसून होती. तिच्याविषयी शेवटी सांगतो, कारण ती आमची मोठी चूक होती.

आज या दोन्ही चुका कशा टाळायच्या ते बघू या. तुमच्या शाळेत असा दिवस ठरत असेल तर उपयोग होईल.

पहिली गोष्ट अशी, की गाण्याच्या व्हिडिओत शूटच्या दिवशी वापरण्यासाठी कुणी गात नाही. गाणं आधीच रेकॉर्ड झालेलं असतं. शूटला ते स्पीकरवर लावायचं आणि मुलांनी त्याच्याबरोबर म्हणायचं. म्हणजे दहा वेळा टिपलं तरी दहाही वेळा गाणं तेवढंच, त्याच लयीत. मग पहिल्या टेकमधला चेहरा आणि नवव्या टेकमधले पाय एकत्र जोडता येतात.

आपल्या सिनेमानेही हे शिकायला थोडा वेळ घेतला. 1932 साली प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट आला, तेव्हा नट कॅमेऱ्यासमोर खरोखर गात होते आणि वादक चौकटीच्या बाहेर बसून साथ करत होते. 1935 साली कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने ‘धूप छाँव’मध्ये पार्श्वगायन वापरलं आणि आवाज व चित्र वेगवेगळं टिपण्याची पद्धत आपल्याकडे रुजू लागली. आम्ही जिममध्ये जे करत होतो ते नकळत 1932 सालचं तंत्र होतं, फक्त प्रभातचे कलाकार सोबत नव्हते.

तेव्हा शूटच्या आधी किमान एक आठवडा गाणं रेकॉर्ड करा. त्यासाठी स्टुडिओ लागत नाही. गालिचा असलेली खोली, पडदे ओढलेले, फ्रिज आणि हीटर तेवढ्यापुरते बंद. आधी पेटी आणि तबल्याची साथ रेकॉर्ड करून घ्या. ती हेडफोनवर ऐकत मुलांनी चार-चारच्या गटाने गायचं. उच्चारांवर मेहनत करायची ती याच दिवशी. आपल्या इथल्या मुलांचा ‘ळ’ अनेकदा ‘ल’ होतो, ‘चमचा’तला च आणि ‘चहा’तला च एकच होतो. हे रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येतं, म्हणून इथे हवं तर वीस वेळा म्हणून घ्या. शूटच्या दिवशी मात्र उच्चार सुधारत बसू नका, कारण ‘ळ’ तोंडाच्या आत होतो, कॅमेऱ्याला तो दिसत नाही.

कॅमेऱ्याला दिसतात ती ओठ मिटणारी अक्षरं. प, ब, भ, म. गाण्यात ‘म’ ऐकू आला आणि पडद्यावर ओठ उघडे असले की कोणत्याही आजीला लगेच खटकतं. एडिटिंग करतानाही हीच युक्ती वापरा. ओठ जुळलेत की नाही हे सबंध ओळीवरून पाहू नका, एखादा ‘म’ किंवा ‘प’ पकडा आणि तिथे ओठ मिटतात का ते बघा.

मुलांना एकच सूचना द्यायची: नुसते ओठ हलवू नका, मोठ्याने गा. खरं गाताना गळा, छाती, भुवया सगळं हलतं. नुसते ओठ हलवले तर ते लांबूनही कळतं. त्या दिवशीचा आवाज व्हिडिओत जाणारच नाही, म्हणून सूर चुकला तरी चालतो. रेकॉर्डिंगच्या वेळी ज्याच्या तोंडून शब्द फुटत नव्हता, तो आमचा एक मुलगा शूटला सगळ्यात मोठ्याने गात होता. त्याला कुणीतरी सांगितलं होतं, आज चुकायला परवानगी आहे.

आता थोडं तंत्र. सगळ्या फोनवर एकच फ्रेम रेट ठेवा, सेकंदाला 30 किंवा 24, पण सगळीकडे तोच. अनेक फोन उजेडाप्रमाणे हा वेग आपोआप थोडा कमीजास्त करतात आणि लांबलचक टेकमध्ये ओठ हळूहळू सरकतात. वेग कायम ठेवणारं कॅमेऱ्याचं अ‍ॅप मिळतं, ते वापरा. दुसरं म्हणजे दिवे. अमेरिकेत वीज 60 हर्ट्‌झची आहे, भारतात 50. शाळेतल्या ट्यूबलाइटखाली शटर चुकीचं असलं की चित्रात काळे पट्टे फिरताना दिसतात. इथे शटर सेकंदाचा साठावा भाग ठेवा. भारतातून आणलेल्या कॅमेऱ्यात सेटिंग 50 हर्ट्‌झवर असू शकतं, तेवढं तपासून घ्या.

तिसरं म्हणजे स्पीकर. तो मुलांजवळ ठेवा आणि एकच ठेवा. आवाज सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. म्हणजे 30 फ्रेमच्या हिशेबाने दर 11 मीटरला एक फ्रेम उशीर. जिमच्या या टोकाला कॅमेरा आणि त्या टोकाला, 25 मीटरवर, स्पीकर आणि मुलं असतील तर कॅमेऱ्यातला आवाज दोन फ्रेम मागे पडतो. त्या आवाजावरून तुम्ही चित्र गाण्याला जुळवलं, तर मुलांचे ओठ गाण्याच्या आधी हलताना दिसतात. म्हणून प्रत्येक टेकच्या सुरुवातीला कुणीतरी कॅमेऱ्यासमोर, स्पीकरजवळ उभं राहून टाळी द्यायची, स्पीकरवरच्या मोजणीच्या शेवटच्या ठोक्यावर. टाळी ऐकूही येते आणि दिसतेही, आणि जिथे दिसते ते खरं.

भोंडल्याची एक खास अडचण आहे, ती म्हणजे फेर. मुलं घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरत असतील आणि तुम्ही फेराबाहेर उभे असाल, तर तुमच्या जवळची मुलं डावीकडे जाताना दिसतात. तुम्ही फेराच्या मधे, पाटावरच्या हत्तीपाशी जाऊन उभे राहिलात तर तीच मुलं उजवीकडे जाताना दिसतात. हे दोन शॉट एकापाठोपाठ जोडले की फेर मधेच उलटा फिरल्यासारखा वाटतो. म्हणून एक कडवं पूर्ण बाहेरून घ्या, दुसरं पूर्ण आतून. दोन्हींच्या मधे हत्तीचा, हातांचा किंवा खिरापतीच्या झाकलेल्या डब्याचा शॉट टाका. मग डोळा गोंधळत नाही.

एक गंमत मुलांसाठी ठेवा. गाणं दुप्पट वेगाने लावायचं, मुलांनी धावपळ करत म्हणायचं, आणि 60 फ्रेमने टिपायचं. नंतर 30 फ्रेमने चालवलं की ओठ मूळ गाण्याला बरोबर जुळतात, पण परकर आणि वेण्या हवेत तरंगतात. आमच्या दिवसातली ही सगळ्यात आनंदाची पंधरा मिनिटं होती.

वेळेचा हिशेब असा करा. 3 मिनिटांचं गाणं, कॅमेऱ्याच्या 5 जागा, प्रत्येक जागी 3 टेक. म्हणजे नुसतं गाणं 45 मिनिटं. पण प्रत्येक टेकमागे टिकली पडते, कुणाला तहान लागते, धरून 10 मिनिटं जातात. म्हणजे 15 टेकना अडीच तास. मांडणी आणि आवराआवर धरून 4 तास पुरतात. सगळ्यात लहान मुलांचे शॉट आधी घ्या आणि त्यांना मोकळं करा. निघण्यापूर्वी सगळं दोन वेगवेगळ्या लॅपटॉपवर उतरवून घ्या.

जागा दुसऱ्याची आहे हेही लक्षात असू द्या. आठवड्याच्या शाळेतल्या मुलांची नावं बाकांवर असतात, चित्रं भिंतींवर असतात. ती आपल्या व्हिडिओत यायला नकोत. आणि बाहेर पडायच्या दारासमोर ट्रायपॉड ठेवायचा नाही.

गाणं कोणतं घ्यायचं? भोंडल्याची पारंपरिक गाणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली, त्यांचा कवी अज्ञात, त्यामुळे शब्दांवर कुणाचा हक्क नाही. मात्र एखाद्या कंपनीने काढलेलं त्या गाण्याचं रेकॉर्डिंग त्या कंपनीचं असतं. ते लावलंत तर यूट्यूबची यंत्रणा ते आपोआप ओळखते. ‘नाच रे मोरा’सारखं गाणं आपल्या मुलांनी स्वतः गायलं, तरी प्रश्न राहतो. ते ‘देवबाप्पा’मधलं, 1953 सालचं. गीतकार ग. दि. माडगूळकर 1977 साली गेले, संगीतकार पु. ल. देशपांडे 2000 साली. भारतीय कायद्यात हा हक्क मृत्यूनंतर 60 वर्षं राहतो, म्हणजे शब्द 2037 संपेपर्यंत आणि चाल 2060 संपेपर्यंत. वर्गात म्हणणं वेगळं आणि इंटरनेटवर चढवणं वेगळं. त्यासाठी परवानगी काढावी लागते.

आता परवानगीचाच दुसरा भाग, आणि ती मुलगी.

प्रत्येक पालकाची लेखी संमती घ्या आणि त्यात ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच पर्याय ठेवू नका. चार वेगळे प्रश्न विचारा: चेहरा चालेल का, पाठमोरं किंवा नुसते हात-पाय चालतील का, आवाज चालेल का, नाव लिहिलेलं चालेल का. व्हिडिओ कुठे जाणार तेही लिहा: फक्त पालकांना दिसेल असा, की सगळ्यांना. यूट्यूबवर 2020 पासून व्हिडिओ मुलांसाठी आहे की नाही हे सांगावं लागतं, आणि आहे म्हटलं की खालच्या प्रतिक्रिया बंद राहतात. आपल्या कामासाठी ते बरंच आहे.

आम्ही पहिल्या वर्षी एकच प्रश्न विचारला होता. एका आईने ‘नाही’वर खूण केली. कारण आम्ही विचारलं नाही, विचारायचंही नसतं. पण त्या ‘नाही’चा अर्थ आम्ही असा घेतला की मुलीला काहीच काम नाही. नऊ वर्षांची ती मुलगी परकर-पोलकं घालून आली होती. दिवसभर दाराबाहेरच्या खुर्चीवर बसून तिने बाकीच्यांचं गाणं ऐकलं. घरी जाताना तिने आईला विचारलं, ‘मी काय चुकलं?’ हे मला आईने नंतर सांगितलं. त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, म्हणून ते जास्त लागलं.

दुसऱ्या वर्षी आम्ही चार प्रश्नांचा कागद केला. त्याच आईने चेहरा आणि नाव यांना ‘नाही’ म्हटलं, हात आणि आवाज यांना ‘हो’. मग रेकॉर्डिंगमध्ये ती गायली. व्हिडिओची सुरुवात पाटावर हत्ती काढणाऱ्या हातांनी होते, ते हात तिचे आहेत. आणि शूटच्या दिवशी स्पीकर तिच्या ताब्यात होता. गाणं लावायचं, मोजायचं, थांबवायचं, सगळं तिने करायचं. माझ्याशी एरवी इंग्रजीत बोलणारी ती मुलगी सबंध जिमला ऐकू जाईल असं ओरडत होती, ‘शांत बसा! तीन, दोन, एक!’

चौदा टेक झाल्यावर मी म्हटलं, झालं आता, पुरे. तर ती म्हणाली, ‘काका, दुसऱ्या कडव्यात दोघं हसले. परत घेऊ या.’

आम्ही परत घेतलं. व्हिडिओत तोच टेक आहे. मग खिरापत ओळखायचा खेळ झाला, आणि वाटी घेऊन ती बाकीच्या मुलांच्या मधोमध बसली होती.

मंडळी, शूट ठरवाल तेव्हा आधी तो कागद करा, मग गाणं रेकॉर्ड करा, आणि कॅमेऱ्याचं सगळ्यात शेवटी बघा. पुन्हा भेटू या. नमस्कार.