डाएट, उपवास आणि ख्रिस्ती विश्वास

वाराणसीतून बोलतोय. इथे नवरात्र, रमजान, लेंट सगळंच पाळलं जातं. त्यामुळे मला हमखास विचारतात, ख्रिस्ती माणसानं वजनासाठी डाएट करावं का?

आधी फरक समजून घ्या. उपवासात नजर देवाकडे असते, डाएटमध्ये वजनकाट्याकडे. डाएट करणं पाप नाही. १ करिंथ ६ मध्ये शरीराला पवित्र आत्म्याचं मंदिर म्हटलंय. त्याची निगा राखायलाच हवी. पण कलस्सै २ बजावतं, नुसत्या देहदंडानं वासना आवरत नाहीत. याच काशीत वाढलेले मराठी पंडित नीलकंठशास्त्री गोऱ्हे १८४८ मध्ये ख्रिस्ती झाले आणि पुढेही विरक्त राहिले. ती विरक्ती देवासाठी होती.

आता धोका. मला मधुमेह आहे. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड चालू असताना जेवण टाळलं, तर साखर एकदम उतरू शकते. घाम येतो, हातपाय थरथरतात, कधी शुद्धही हरपते. फार झपाट्यानं वजन उतरवलं तर पित्ताशयात खडे होऊ शकतात, स्नायू झडतात. म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण सोडू नका. कॅथलिक चर्चही १८ पूर्ण झाल्यापासून साठावं वर्ष लागेपर्यंतच उपवास बंधनकारक मानतं, आणि आजाऱ्यांना सूट देतं.

मी गोड आणि तळलेलं कमी केलंय, जेवतो मात्र वेळेवर. कचोरी-जिलेबीचे वाचलेले पैसे भुकेल्याच्या ताटात जावेत, कारण यशया ५८ मधला खरा उपवास तोच. स्वतःला एवढंच विचारा: कमी खाल्ल्यानं माझी प्रार्थना वाढली, की आरशासमोरचा वेळ?