दहा हजारांची विक्री, पण कमाई किती?

घरबसल्या डबे, सौंदर्यप्रसाधने किंवा पूरक आहाराच्या पावडरी विकणाऱ्यांच्या हिशेबात एक गल्लत हमखास दिसते: महिन्याला दहा हजारांचा माल गेला, म्हणजे दहा हजार मिळाले.

थेट विक्रीत (दुकानाशिवाय, बहुधा ओळखीपाळखीतून होणारी विक्री) विक्रेत्याचे खरे उत्पन्न म्हणजे कमिशनमधून सगळा खर्च वजा जाता उरणारी रक्कम. भाड्याची रिक्षा चालवणारा रात्री गल्ला मोजताना गॅसचे पैसे आणि मालकाचे भाडे आधी बाजूला काढतो. उरले ते घरचे.

समजा, दहा हजारांवर 20 टक्के सुटले, तर हाती 2,000. त्यातून पेट्रोल गेले, नमुन्याच्या बाटल्या गेल्या, कुणी उधारीवर नेलेला शाम्पू गेला. सर्वांत महाग पडतात ते महिन्याचे टार्गेट गाठायला स्वतःच्याच नावावर घेतलेले आणि दिवाणात पडून मुदत संपत आलेले पावडरीचे डबे. त्यांची नोंद वहीत क्वचितच होते.

अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकहित जपणारी सरकारी संस्था) 2024 मध्ये अशी विक्री करणाऱ्या 70 कंपन्यांची उत्पन्नपत्रके (विक्रेत्यांच्या कमाईबद्दल कंपन्यांनी दिलेली माहिती) तपासली. त्यांनुसार बहुतेक विक्रेत्यांना वर्षाला 1,000 डॉलर किंवा त्याहून कमी मिळत होते, तेही खर्च न वगळता.

म्हणून हा व्यवसायच फसवा, असे मात्र नाही. भारतात तो कायदेशीर आहे. 2021 च्या थेट विक्री नियमांनी बंदी घातली ती पिरॅमिड योजनेवर (मालापेक्षा नवे सभासद जोडण्यावर मोबदला देणारी साखळी). बांधलेली गिऱ्हाइके असतील तर वरखर्चापुरते पैसे सुटतातही. न खपलेला माल कंपनी किती दिवसांत आणि किती कपात करून परत घेते, हे सही करण्यापूर्वी लेखी मागून घ्यावे.