सिकलसेल: हायड्रॉक्सियुरियाची गोळी रोज का घ्यायची?

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात सिकलसेल हा आजार नवा नाही. तरीही अनेक आईवडील विचारतात, "आजार जन्मापासूनचा आहे, तर बाळ पहिले काही महिने चांगले कसे होते?" उपचाराचे मर्म याच प्रश्नाच्या उत्तरात आहे.

दोन जनुके

पोटात असताना बाळाच्या रक्तात मुख्यतः गर्भ-हिमोग्लोबिन असते. त्यासाठी गॅमा जनुक लागते. जन्मानंतर ते हळूहळू बंद होते आणि बीटा जनुक त्याची जागा घेते. सिकलसेलचा दोष फक्त बीटा जनुकात असतो, तोही एकाच अक्षराचा. म्हणून सहा महिन्यांच्या सुमारास गर्भ-हिमोग्लोबिन ओसरले की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकू लागतात.

जनुक सुरू कसे होते?

जनुक म्हणजे लिहून ठेवलेली कृती. आरएनए पॉलिमरेज हे प्रथिन ती वाचते, पण एकट्याने वाचन सुरू करू शकत नाही. आधी काही प्रथिने जनुकाच्या सुरुवातीला जमून त्याला जागा दाखवतात. गाटा-१ सारखी प्रथिने डीएनएच्या दूरच्या नियंत्रक भागावर बसतात. मीडिएटर नावाचा पंचवीसहून अधिक प्रथिनांचा समूह या दोन्ही ठिकाणांना जोडतो आणि मग वाचन सुरू होते.

गॅमा जनुकापाशी याच्या उलट घडते. बीसीएल-११ए नावाचे प्रथिन तिथे बसते आणि डीएनए घट्ट गुंडाळणाऱ्या दुसऱ्या प्रथिनसमूहाला बोलावते. जनुक शाबूत असते, पण वाचता येत नाही.

गोळीचा उपयोग

हायड्रॉक्सियुरियामुळे बऱ्याच रुग्णांत गर्भ-हिमोग्लोबिन पुन्हा वाढते. त्यामुळे वेदनांचे झटके आणि रक्त चढवण्याची वेळ कमी येते. परिणाम दिसायला काही महिने लागतात आणि गोळी चालू असेपर्यंतच तो टिकतो. म्हणून "आता दुखत नाही" असे वाटले तरी गोळी मनाने बंद करू नका. ठरलेल्या वेळी रक्ततपासणी करा. मूल हवे असल्यास पती-पत्नी दोघांपैकी कोणीही गोळी घेत असले तरी आधी डॉक्टरांशी बोला.

२०२३ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेने कॅसजेव्ही या जनुकीय उपचाराला मान्यता दिली. त्यात रुग्णाच्याच मूळ पेशींमध्ये, बीसीएल-११ए जनुकाच्या नियंत्रक भागात गाटा-१ बसते ती जागा मोडतात. बीसीएल-११ए घटते आणि गॅमा जनुक उघडते. मात्र हा उपचार अतिशय महाग आहे आणि त्याआधी तीव्र केमोथेरपी घ्यावी लागते. गावातल्या रुग्णाच्या हाताशी आज आहे ती गोळीच.

लगेच दवाखान्यात जा

ताप, छातीत दुखणे, धाप लागणे, अंग अचानक पांढरे पडणे, पोटाच्या डाव्या बाजूला फुगवटा किंवा हातापायातली ताकद जाणे, यांपैकी काहीही झाले तर थांबू नका.

लग्नाआधी दोघांचीही सिकलसेल तपासणी करून घ्या. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते.