डहाणू आणि तलासरी यांच्या बरोबर मध्ये

पालघर जिल्ह्याच्या नकाशात डहाणू आणि तलासरी शोधा. या दोन गावांच्या बरोबर मध्ये कोणते ठिकाण येईल?

आधी ‘मध्य’ कशाचा ते ठरवायला हवे. चारोटी नाक्यावरून गेलात तर प्रथम पूर्वेकडे आणि मग मुंबई-अहमदाबाद महामार्गाने उत्तरेकडे जावे लागते. त्या रस्त्याचा मध्य चारोटीच्या बाजूला सरकेल. आपल्याला हवा आहे तो सरळ अंतराचा मध्य.

डहाणू सुमारे १९ अंश ५८ मिनिटे उत्तर अक्षांशावर आणि ७२ अंश ४४ मिनिटे पूर्व रेखांशावर आहे. तलासरीचे आकडे सुमारे २० अंश ८ मिनिटे आणि ७२ अंश ५६ मिनिटे. दोहोंची सरासरी काढा. २० अंश ३ मिनिटे उत्तर, ७२ अंश ५० मिनिटे पूर्व. झाले काम! सरळ अंतर सुमारे २८ किलोमीटर, म्हणजे दोन्हीकडे चौदा-चौदा. या रीतीत चूक आहे, पण इथे ती दहा मीटरांच्याही आत राहते. आपण आकडे मिनिटापर्यंतच घेतले आणि अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे सुमारे १.८५ किलोमीटर, तेव्हा दहा मीटरांची काळजी कशाला?

आता हीच रीत मुंबई आणि सॅन फ्रान्सिस्को यांना लावून पाहू. मुंबई १९ अंश उत्तर, ७२.८ अंश पूर्व; सॅन फ्रान्सिस्को ३७.८ अंश उत्तर, १२२.४ अंश पश्चिम. पश्चिम रेखांश ऋण धरून सरासरी काढली तर उत्तर येते २८.४ अंश उत्तर, २४.८ अंश पश्चिम, म्हणजे अटलांटिक महासागर! तेथून मुंबई सुमारे ९,७०० किलोमीटर आणि सॅन फ्रान्सिस्को ८,७००. हा कसला मध्य? पूर्वेकडून मोजून सरासरी काढली तर पॅसिफिक महासागर मिळतो, तोही चूकच.

कारण उघड आहे. सरासरी काढताना आपण पृथ्वीला चौकटीचा कागद समजतो. पण रेखांशाच्या रेषा ध्रुवाकडे जाताना एकमेकींजवळ येतात. डहाणूच्या परिसरात हे जाणवत नाही. हजारो किलोमीटरांत मात्र सगळे गणित बिघडते.

मग खरी रीत कोणती? तुमच्या भूमितीतच ती आहे. दोन्ही शहरांना जोडणारी एक सरळ सळई पृथ्वीच्या पोटातून गेली आहे असे समजा. ही झाली जीवा. वर्तुळाच्या केंद्रातून जीवेवर टाकलेला लंब जीवेला दुभागतो, हे तुम्ही सिद्ध केलेले असेल. तोच लंब पुढे वाढवला की कंसालाही दुभागतो. म्हणून पृथ्वीच्या केंद्रातून सळईच्या मध्याकडे रेषा काढा आणि ती जमिनीपर्यंत वाढवा. ती जेथे बाहेर पडेल तो खरा मध्य.

आपल्या उदाहरणात तो सुमारे ७३.६ अंश उत्तर, १२१ अंश पूर्व येथे येतो. सायबेरियाच्या उत्तर किनाऱ्यापाशी, लेना नदीच्या त्रिभुज प्रदेशाच्या पश्चिमेस! दोन्ही शहरे तेथून सुमारे ६,७५० किलोमीटरांवर.

विश्वास बसत नसेल तर शाळेतील पृथ्वीगोल घ्या. दोन शहरांमध्ये दोरा घट्ट ताणा, तो दुमडून निम्मा करा आणि पुन्हा ठेवून पाहा.

ही रीत एकाच ठिकाणी अडते. दोन बिंदू एकमेकांच्या अगदी विरुद्ध असतील, तर सळई केंद्रातूनच जाते आणि रेषा कोणत्या दिशेला काढायची हे ठरतच नाही. उत्तर व दक्षिण ध्रुव घ्या. त्यांना एक मध्यबिंदू नाही. विषुववृत्तावरचा प्रत्येक बिंदू त्यांच्या मध्यावर आहे.