कागद न ठेवणारी पेटी

औराद-भालकीच्या सीमेवरच्या शेतात कर्नाटकचे सिम कधी बीदर जिल्ह्यातल्या टॉवरला लागते, कधी महाराष्ट्रातल्या उदगीर-देवणीकडच्या. बोलणाऱ्याला त्याचे सोयरसुतक नसते. ते बोलणे कायद्याने ऐकायचे तर मात्र गृहसचिवांचा लेखी आदेश लागतो. तो कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे जातो, मग तपास यंत्रणेला लाइन मिळते. मुदत 60 दिवस, वाढवली तरी 180 च्या पुढे नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 1996 च्या पीयूसीएल निकालाने आखलेली ही चौकट 2024 च्या नियमांतही टिकून आहे.

या वाटेवर कागद मागे राहतो आणि तोच पुढे अंगाशी येतो. 1988 मध्ये टॅपिंगचे पोलिसी आदेश उघड झाले आणि रामकृष्ण हेगडे यांना कर्नाटकचे मुख्यमंत्रिपद सोडावे लागले. आपला फोन ‘अमजद खान’ या नावाने टॅप झाला, असा आरोप नाना पटोले यांनी 2021 मध्ये महाराष्ट्र विधानसभेत केला. पुढे गुन्हा नोंदला गेला. 2023 मध्ये उच्च न्यायालयाने तो रद्द केला. पण आरोपातसुद्धा खोटे का होईना, एक नाव कुठेतरी लिहावे लागलेच की!

आता ज्या मालाला मागणी आहे, त्याला हे लिहिणेच लागत नाही. आयएमएसआय कॅचर ही गाडीत मावणारी पेटी टॉवरचे सोंग घेते आणि आसपासचे फोन तिला आपली ओळख सांगून बसतात. 2जीमध्ये समोरचा टॉवर खरा की खोटा, हे फोन तपासतच नाही. म्हणून 4जीच्या फोनलाही 2जीवर उतरवायचे. औरादच्या बांधावर उभ्या केलेल्या पेटीला ना टेलिकॉम सर्कलची हद्द, ना नोडल अधिकाऱ्याची गरज. अशाच यंत्रांनी शरद पवारांसह काही नेत्यांचे बोलणे टिपल्याचे ‘आउटलुक’ने 2010 मध्ये छापले, सरकारने इन्कार केला. असा धंदा करणारे केवळ इस्रायलमध्ये नाहीत. विकिलीक्सने 2011 मध्ये उघड केलेल्या कागदांत इंदूरची क्लिअरट्रेल आणि शिमल्याची शोघी या कंपन्याही होत्या.

2016 मध्ये व्हॉट्सअॅपने संदेशांना पूर्ण कूटबद्धीकरण (एन्क्रिप्शन) लावले, 5जीने सिमची ओळखही झाकण्याची सोय केली. हवेतले बोलणे हाती लागेनासे झाले, तेव्हा विक्रेते थेट फोनमध्ये शिरले. पेगॅसस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरच्या 2021 मधल्या यादीत कर्नाटकचे नेते जी. परमेश्वर यांचा, तसेच सिद्धरामय्या आणि कुमारस्वामी यांच्या सचिवांचे नंबर निघाले. पेगॅसस बनवणारी एनएसओ म्हणते, आम्ही फक्त सरकारांना विकतो. सर्वोच्च न्यायालयाच्या समितीने 29 फोन तपासले. पाचांत घातक सॉफ्टवेअर सापडले, ते पेगॅससच असल्याचे सिद्ध झाले नाही. केंद्राने सहकार्य केले नाही, असे समितीने नोंदवल्याचे सरन्यायाधीशांनी 2022 मध्ये भर न्यायालयात सांगितले.